भिंतीस टेकलेल्या खुर्च्यांची हकीकत

॥ श्री दोन्ही खांब समर्थ ॥

शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावीनाम संवत्सर. ते साली पर्जन्याने मुलुखाकडे पाठ फिरविली आणि विहिरी आटल्या आणि गावाबाहेरची माळजमीन ऐसी टणक जाहली की कुदळ मारिता कुदळच उलटोन अंगावर येई. तेव्हा शाळेचे ड्रिलमास्तर दाजीबा यांचे मनात आले की, या जमिनीत दुसरे काही उगवत नाही, तर निदान गावची पोरेपोरी तरी तीवर धावोत. मग त्यांनी पंचायतीस गळ घालोन ती जमीन मागोन घेतली आणि दोन सागवानी खांब पुरिले आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारिल्या आणि दोन खांबांमधील पट्टीवर आठ चौकोन आखिले आणि खो-खोचे राज्य स्थापिले. राज्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण पुढे नावावरून दोन पक्ष जाहले आणि फलकावर नाव बारीक व अध्यक्षांची छबी मोठी ऐसी तोड निघाली, तेव्हापासून ते नाव कोणास वाचिताही येत नाही. राज्य म्हटले म्हणजे कायदा पाहिजे, आणि दाजीबांस खो-खोवाचून दुसरा कायदा ठाऊक नव्हता, म्हणोन त्यांनी मंडळाची घटना लिहिली तीही खेळाच्याच नियमांनी लिहिली. त्यातील कलम सातवे ऐसे: “कारभारी नऊ असावे. आठांनी बसावे, नवव्याने उभे राहोन धावाधाव करावी. धावणारा दमला म्हणजे त्याने बसलेल्यांपैकी पाहिजे त्याचे पाठीमागे जावे, पाठीस हात लावावा आणि मोठ्याने खो म्हणावे. ज्यास खो मिळाला त्याने उठावे व धावावे. खो देणाराने त्याचे जागी बसावे आणि त्या जागेचा जो मान असेल तो घ्यावा. मोठी खुर्चीही यातून सुटली नाही. ऐकू न आलेला खो तो खो नव्हे. पंच सांगेल ते खरे.” हे कागद सरकारदप्तरी गेले आणि तेथे त्यांवर शिक्का बसला, वाचून बसला की न वाचिता बसला, ते शिक्क्यास ठाऊक. आरंभीची काही वर्षे एकेका बैठकीत अध्यक्ष तीन तीन वेळा पालटत. आज मोठ्या खुर्चीवर बसलेला उद्या रोलर ओढी आणि रोलर ओढणारा परवा मोठ्या खुर्चीवर बसे, आणि गर्व करावयास कोणास सवडच मिळत नसे. ऐसे सुखाचे राज्य होते, म्हणोन ते फार दिवस टिकले नाही.

तेच राज्यात आवटी यांचे घरची द्वारका नावाची मुलगी वयाचे अकरावे वर्षी खेळावयास आली. पाय ऐसे की पाठलागास निघाली म्हणजे पुढचा गडी वळून पाहावयासही धजत नसे, आणि गळ्यात मात्र आवाज नाही. नाही म्हणजे देवाने दिला होता, घरच्यांनी काढून घेतला होता. घरी आत्या होती, तिचा एकच मंत्र, “द्वारके, हळू.” हसली तरी हळू, भांडे ठेविले तरी हळू, ठेच लागोन ओरडली तरी “हळू गं, शेजारी काय म्हणतील!” मग ती पोर खो देई तोही ऐसा देई, जैसी शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी. आणि तिचे सख्खे मामा नरहरपंत हे त्या प्रांतीचे पंच. शिट्टी सदा गळ्यात, आणि न्याय ऐसा कडक की स्वतःच्या लग्नात अंतरपाट पुरता दूर होण्याआधी वधूने माळ पुढे केली म्हणोन त्यांनी तिला फाऊल दिला, ऐसे लोक सांगतात आणि मामी नाकारीत नाहीत. शके एकोणीसशे पाच, रुधिरोद्गारीनाम संवत्सरी जिल्ह्याचा अंतिम सामना जाहला. संवत्सराने आपले नाव राखिले, कारण सगळ्या मुलींचे गुडघे फुटले होते. अर्धे मिनिट उरले आणि समोरची शेवटची गडी हातभर अंतरावर आली, तिला मारिली की ढाल आपली. द्वारकेने पाठीस हात लावोन खो दिला आणि बसलेली मुलगी उठली आणि तिने सूर मारोन गडी टिपली आणि गाव नाचू लागले, आणि तितक्यात शिट्टी वाजली. नरहरपंत बोलिले, “खो ऐकू आला नाही. फाऊल.” द्वारका धावत त्यांजकडे गेली. “मामा, म्हणाले हो मी! देवाशपथ म्हणाले!” ते म्हणाले, “म्हणाली असशील. मला ऐकू आला नाही.” एका गुणाने ढाल गेली. द्वारकेच्या आईने पुढे चार वर्षे भाऊबीजेला भावास पाट मांडिला नाही. द्वारकेस मात्र मामांचा राग आला नाही, तिला स्वतःचाच आला, आणि तो एकोणचाळीस वर्षे निघाला नाही.

पुढे द्वारका द्वारकाबाई जाहल्या आणि सरकारी दवाखान्यात परिचारिका जाहल्या, आणि दिवसभर खाटांमधून फिरोन संध्याकाळी मैदानावर येत आणि मुलींस शिकवीत. पहिले आठ दिवस धावणे नाही. मुलींस खांबाशी उभे करोन नुसता खो म्हणवून घेत. “पोटातनं म्हण. घशातनं नको. हळू म्हणालीस तर घरी पाठवीन,” ऐसे बाई सांगत, आणि हेही सांगत ते हळूच सांगत, म्हणोन मुलींस पुढे सरकून ऐकावे लागे. त्या मुलींनी मुलूखभर ढाली जिंकिल्या. ढाली अध्यक्षांचे दिवाणखान्यात आहेत, कारण मैदानावर ढालींस धूळ लागते.

इकडे दाजीबा निवर्तले आणि मोठ्या खुर्चीवर जे गृहस्थ आले त्यांस एका महिन्यात तीन वेळा खो मिळाला आणि तीन वेळा रोलर ओढावा लागला. तेव्हा त्यांनी फार विचार केला, आणि तो विचार करावयास त्यांस तीन रात्री झोप नाही, आणि चौथे दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलोन भिंतीस टेकविली. लोक पुसू लागले, तर म्हणाले, “पाठीला वारा लागतो.” आता पाठच भिंतीत, तर मागून येणार कोण आणि हात लावणार कोठे? हे पाहून दुसऱ्याच्या पाठीसही वारा लागू लागला आणि तिसऱ्याच्याही लागला आणि महिन्याभरात कारभाऱ्यांत वाताची साथच आली. खोलीस भिंती चार, खुर्च्या आठ, दर भिंतीस दोन, हिशोब ऐसा बसला की दाजीबांनी जणू त्यासाठीच खोली बांधिली होती. शके एकोणीसशे अठरा साली द्वारकाबाई नवव्या कारभारी म्हणोन त्या खोलीत गेल्या आणि पाहतात तो चहूकडे तोंडेच तोंडे, पाठ एकही नाही, आणि मध्ये रिकामी फरशी. त्या फरशीवर बाई उभ्या राहिल्या त्या सव्वीस वर्षे उभ्या राहिल्या. पाणी मारणे बाईंनी, फक्की मारणे बाईंनी, सामन्याच्या परवानग्या बाईंनी, मुलींच्या आयांच्या समजुती बाईंनी, आणि बैठकीतला चहाही बाईंनीच. आणि आठही जण दर बैठकीस मोठ्या प्रेमाने म्हणत, “अहो बाई, बसा की जरा!” आणि कोणी उठत नसे. वर्षातून एकदा सभेत घटना वाचावी लागे. ती चिटणीस मुकुंदराव एका दमात वाचीत, सातवे कलमही वाचीत, आणि सगळे हात वर करोन मंजूर म्हणत आणि भजी येत. ऐसे ते कलम दरसाल मंजूर होत गेले आणि कोणाच्या कानास लागिले नाही.

मग मोठ्या खुर्चीवर रणधीरराव आले. हे मंडपाचे मोठे कारखानदार. यांनी उभ्या जन्मात धाव घेतली ती पंगतीकडे. तरी लोक त्यांस क्रीडामहर्षी म्हणत, म्हणजे त्यांनीच फलकावर तैसे लिहविले होते. खुर्चीस त्यांनी गादी शिवविली आणि मागच्या भिंतीसही गादी ठोकविली. त्यांचे कारकिर्दीत एकदा खोलीस रंग दिला आणि रंग ओला म्हणोन एक दिवस आठही खुर्च्या हातभर पुढे ओढिल्या. बाई चहा घेऊन आल्या आणि पाहतात तो रणधीररावांची पाठ मोकळी. त्यांनी हळूच किटली खाली ठेविली आणि मागे गेल्या आणि पाठीस बोट लाविले आणि म्हणाल्या, “खो.” रणधीरराव मागे वळले आणि कळवळून बोलिले, “खोकला झाला का बाई? आलं घालून चहा घ्या, बरं वाटेल. मला बिनआल्याचा.” नरहरपंत पंच कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मान हलविली आणि म्हणाले, “ऐकू आला नाही.” आणि बाईंनी सगळ्यांस चहा दिला आणि सायंकाळी रंग वाळला आणि खुर्च्या जागेवर गेल्या. बाई घरी जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःस म्हणाल्या, “मेले, तुझ्या तोंडात काय विडा होता का?” तेही हळूच म्हणाल्या.

याप्रमाणे राज्यास पन्नास वर्षे भरत आली आणि सुवर्णमहोत्सव करणे प्राप्त जाहले. तेव्हा रणधीररावांनी आठ जणांचे बैठकीत आपली मर्जी सांगितली की, मैदानावर पेव्हर ब्लॉक घालावे आणि कडेने हिरवी चटई पसरावी आणि कमान उभारावी आणि लग्नकार्याचा लॉन करावा. मंडप कोणाचे लागणार हे कोणी विचारिले नाही, कारण सगळ्यांस ठाऊक होते. ठराव ऐसा की महोत्सवाचे दिवशी मैदानातच, पाहुण्यांसमक्ष, अध्यक्षांनी करारावर सही करावी, आणि सही फक्त अध्यक्षांचीच चालावी. सात जणांनी माना डोलाविल्या. बाई किटली घेऊन उभ्या होत्या त्या म्हणाल्या, “साहेब, मग मुली खेळायच्या कुठं?” रणधीरराव हसोन बोलिले, “अहो बाई, खेळ बंद कोण करतंय? खेळ वाढवतोय! चार कॅरम आणतो. बुद्धिबळ आणतो. बसून खेळायचे खेळ, गुडघे फुटायचा प्रश्नच नाही.” बाई म्हणाल्या, “आणि खांब?” ते म्हणाले, “खांब ठेवतोय की! दोन्हींना लायटिंग करू, मधे सेल्फी पॉइंट. वारसा जपायला पाहिजे बाई, तुमच्या ध्यानात नाही यायचं ते.” बाई बाहेर आल्या आणि मैदानात गेल्या आणि खांबास हात लावोन उभ्या राहिल्या आणि रडल्या. समोर मुली सराव करीत होत्या आणि त्यांचे खो गावाच्या वेशीपर्यंत जात होते. त्या पोरींस आपण आवाज दिला आणि आता पाय ठेवावयास जागा देता येत नाही, हे मनात येऊन बाईंचा जीव तिळतिळ तुटला.

मग बाई नरहरमामांकडे गेल्या. मामा ब्याऐंशी वर्षांचे जाहले होते आणि कानाने पार गेले होते आणि मशीन लाविले तरी अर्धेच ऐकीत. बाई म्हणाल्या, “मामा, मैदान चाललं.” मामा म्हणाले, “मैदा? मैदा कशाला आणलास? मला पचत नाही.” तेव्हा बाईंनी दवाखान्याच्या चिठ्ठीमागे सगळे लिहोन दाविले. मामांनी चिठ्ठी दोनदा वाचिली आणि गळ्यातली शिट्टी चाचपली आणि म्हणाले, “कलम सात आहे की. दे खो.” बाईंनी लिहिले की, पाठ कोणाची मिळत नाही, सगळ्या भिंतीस आहेत. मामा म्हणाले, “ते तुझं तू बघ. पण एक सांगून ठेवतो द्वारके. मला ऐकू आला तर आला म्हणेन, नाही आला तर नाही म्हणेन. भाची म्हणून सवलत नाही. तेव्हा दिली नव्हती, आताही देणार नाही.” बाईंनी मामींच्या हातचा चहा उभ्याउभ्या घेतला आणि घरी आल्या. आता मामांस तोफ उडाली तरी ऐकू येत नाही आणि बाईंचा आवाज किटलीच्या झाकणापलीकडे जात नाही, तेव्हा या न्यायालयात दाद लागण्याचा रंग काही दिसेना.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी महोत्सव जाहला. कमानी लागिल्या आणि सनई वाजू लागिली आणि पाहुणे आले, आणि मैदान राखावयाचे सोहळ्यात मैदान जावयाचे म्हणोन सगळे नटले होते. सकाळी रिवाजाप्रमाणे मुकुंदरावांनी ध्वनिक्षेपकावरोन घटना वाचिली. दर साली आठ जण ऐकत, आज चारशे माणसांनी ऐकिली, आणि सातव्या कलमास मुलींनी टाळ्या वाजविल्या, त्या आपल्या वाचनास आहेत ऐसे मुकुंदरावांस वाटले. दुपारी चार वाजता करारावर सही व्हावयाची. तत्पूर्वी रणधीररावांचे मनात आले की, उद्याच्या फलकास एक फोटो पाहिजे, आठही कारभारी आठ चौकोनांत खो-खोच्या पवित्र्यात बसले आहेत ऐसा. हुकुमास वेळ किती? एकाचे तोंड इकडे आणि दुसऱ्याचे तिकडे, खेळात बसतात तैसे सगळे उकिडवे बसले. कोणाचा सांधा वाजला, कोणाची शिवण गेली. रणधीररावांस मंडपाच्या दोन गड्यांनी काखेत हात घालोन सातव्या चौकोनात उतरविले. ते बोलिले, “हळू रे! इस्त्रीची क्रीज मोडेल.” फोटोवाल्याने यंत्र डोळ्यास लाविले आणि ओरडला, “ओ बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा, फ्रेममधे येताय!” बाई निमूट खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

खांबापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी समोर पाहिले. चार पाठी इकडच्या बाजूस, चार पाठी तिकडच्या बाजूस. सव्वीस वर्षांत, रंगाचा तो एक दिवस सोडिता, बाईंनी कारभाऱ्यांची पाठ पाहिली नव्हती. मैदानास भिंत नव्हती. बाईंनी चपला काढिल्या. छप्पन्न वर्षांचा उजवा गुडघा म्हणाला, नको. बाई त्याचे ऐकत बसल्या नाहीत, निघाल्याच. पहिली पाठ मुकुंदरावांची, ती सोडिली. दुसरी सोडिली, तिसरी सोडिली, आणि कडेला मुली होत्या त्या एकदम उठोन उभ्या राहिल्या, कारण आपल्या बाई धावताहेत हे त्यांनी जन्मात प्रथम पाहिले. सातव्या चौकोनामागे बाई आल्या, पांढऱ्या सदऱ्याची ती रुंद पाठ समोर आली, आणि हात वर गेला. तेव्हा कानात आत्या बोलिली. आत्या वारोन वीस वर्षे जाहली होती, तरी “द्वारके, हळू,” म्हणालीच. बाईंनी पाठीवर अख्खा पंजा ठेविला आणि पोटातून ओरडल्या:

“खो!”

सनईवाल्याचा सूर तुटला आणि शिडीवरच्या गड्याच्या हातून माळ सुटली आणि रस्त्यावरची मोटार थांबली. आणि रणधीरराव उठले. ज्यांस बसवावयास दोन माणसे लागिली ते एका अक्षरासरशी उठले, आणि नुसते उठले नाहीत, दचकून चार पावले धावलेही, आणि फोटोवाल्याने तेवढ्यात कळ दाबिली, तो फोटो पुढे पुराव्यास आला. आणि बाई त्या चौकोनात बसल्या. सव्वीस वर्षांनी बसल्या. उरलेल्या सात कारभाऱ्यांनी हे पाहिले आणि प्रत्येकास आपापल्या पाठीची आठवण जाहली, आणि जवळ भिंत नाही म्हणोन ते जागच्या जागी उताणे पडले आणि पाठ जमिनीस टेकवोन आकाशाकडे पाहू लागले. ऐसा त्या राज्याचा कारभार त्या दिवशी चारशे माणसांनी एका नजरेत पाहिला.

मग मोठा कज्जा माजला. मुकुंदराव उताणेच ओरडले, “हे फोटोपुरतं होतं! याला कोण खो म्हणतं?” रणधीरराव म्हणाले, “मी दचकलो! दचकणं म्हणजे उठणं नव्हे!” मुली ओरडल्या, “उठले! उठले आणि पळाले पण!” तेव्हा मुकुंदरावांस युक्ती सुचली आणि ते पडल्यापडल्याच हसले. “कलम सात! सकाळी मीच वाचलंय! ऐकू न आलेला खो तो खो नव्हे, पंच सांगेल ते खरे! आणि पंच तर ठार बहिरे!” हे खरेच होते. चारशे माणसे मामांकडे पाहू लागिली. मामा दुसऱ्या खांबापाशी खुर्ची टाकून बसले होते ते उठले आणि काठी टेकीत टेकीत आले. हेच मैदान, हीच शिट्टी, हेच मामा. आता ते म्हणणार, म्हणाली असशील, आणि सगळे संपणार, ऐसे बाईंस वाटले आणि त्यांनी मान खाली घातली. मामांनी खिशात हात घातला आणि कानाचे मशीन काढोन सगळ्यांस दाविले. म्हणाले, “तुमचा कर्णा मघापासून केकाटतोय, म्हणून हे दुपारीच काढून ठेवलं.” मुकुंदराव हर्षाने उठोन बसले. “ऐका! मशीनच नव्हतं! ऐका!” मामांस ते ऐकू आले नाही. ते बाईंकडे पाहत होते.

मामा म्हणाले, “मशीन खिशात होतं. आणि खो ऐकू आला.”

आणि शिट्टी वाजविली, लांब. मग वाकोन बाईंच्या डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाले, “द्वारके, आला गं ऐकू.” तेव्हा बाई रडल्या, आणि ह्या खेपेस चांगल्या भोकाड पसरून रडल्या, आणि मुली त्यांजभोवती पडल्या आणि पाहुण्यांच्या बायकाही डोळे पुसू लागिल्या, कशाकरिता ते त्यांस पुरते ठाऊक नव्हते. करार तेथेच तबकात होता. खाली अध्यक्षांची सही ऐसे छापिले होते. बाईंनी बसल्या जागी तबक मागविले आणि लेखणी घेतली आणि करारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारिली, फक्कीची मारितात तैसी सरळ. मग मोठ्याने बोलिल्या, “रणधीरराव, आता धावणारे तुम्ही. सकाळी सहाला या. आधी पाणी मारायचं, मग फक्की. रेघ वाकडी येत असेल तर दोरी लावा, लाज नका बाळगू.” रणधीरराव चारशे माणसांकडे पाहोन हसले, कारण फोटोवाला अजोन तेथेच होता. सूर्य कलला आणि माणसे पांगू लागिली तरी बाई चौकोनात बसलेल्याच. मामांनी काठी पुढे केली आणि विचारिले, “उठायला हात देऊ?” बाई म्हणाल्या, “नको मामा. जरा बसू दे.”

येणेप्रमाणे हकीकत जाहली ती लिहिली. हल्ली खोलीत खुर्च्या मधोमध आहेत आणि भिंतीची गादी खांबास गुंडाळिली आहे, सूर मारिता मुलींस लागू नये म्हणोन. रणधीररावांच्या रेघा आठव्या महिन्यात सरळ येऊ लागिल्या, आणि ते किटली घेऊन फिरताना सगळ्यांच्या पाठी न्याहाळीत असतात. द्वारकाबाईंचा आवाज फार मोठा जाहला ऐसी आसपासच्या घरांची तक्रार आहे. ती रीतसर पंचांकडे गेली तेव्हा पंचांनी कानाचे मशीन काढोन खिशात ठेविले.